चुकून उडणार नाही असं कुठलं?

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बोलणं अर्धंच राहिलं. अण्णांनी विचारलं, "मग रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, कुठलं घेतलंस?" मी सांगायला लागले तोवर मागून आई म्हणाली, "त्यातलं चुकून उडणार नाही असं कुठलं, तेवढं घे म्हणावं." मग ती उठून आत गेली आणि नंतर नुसता भांड्यांचा आवाज येत राहिला. आज साप्ताहिक सुट्टी आहे, म्हणून बसून लिहितेय. अण्णा, डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला अजून वाचायची परवानगी दिलेली नाही, तेव्हा तुम्हीच मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. नाशिकच्या पोलीस अकादमीतून मी पाय मुरगळल्याचं लिहिलं होतं ते तुम्ही गाळलंत, आणि मी सुट्टीला लंगडत आले तेव्हा आईनं दोघांनाही बोल लावले होते.

आजवर मला हत्यार मिळायचं ते बंदोबस्तापुरतं. आर्मोरर, म्हणजे शस्त्रागार सांभाळणारा, देईल ते घ्यायचं, रजिस्टरात सही करायची, संध्याकाळी जमा करायचं. आता डीबी पथकात, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकात आल्यापासून साध्या कपड्यांत फिरावं लागतं, कुणाला तरी आणायला जावं लागतं, बऱ्याचदा रात्रीचं. साहेब म्हणाले, रोज बदलत बसू नका, दोन्ही हाताळून बघा, एक ठरवा आणि त्याच्यावरच हात बसवा. शस्त्रागारात शिल्लक होती दोनच. एक .३८ बोअरचं इंग्रजी बनावटीचं जुनं रिव्हॉल्व्हर आणि दुसरं ९ एमएमचं पिस्तूल, आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. आठवडाभर मी दोन्ही वापरून बघितली.

अण्णा, तुम्हाला यंत्राचं आधी सांगते. रिव्हॉल्व्हर म्हणजे सहा घरांचं चक्र. अंगठ्यानं खटका दाबला की नळी पुढे खाली पडते, जेवणाच्या डब्याची कडी काढल्यासारखी, आणि सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. सगळं उघड्यावर. भरलेलं आहे की रिकामं, लहान पोरालाही कळेल. चाप ओढला की चक्र एक घर फिरतं, घोडा मागे जातो आणि पडतो. एखादा राउंड, म्हणजे गोळी, फुसका निघाला तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. एका हातात सगळं होतं. चाप मात्र जड, अर्धी भरलेली बादली एका बोटानं उचलावी तसा. आणि सहा संपले की परत एकेक भरत बसायचं.

पिस्तूल वेगळ्या डोक्याचं. याचा मूळ आराखडा ब्राउनिंग या अमेरिकन माणसाचा. तो १९२६ साली गेला, मग बेल्जियममधल्या सेव्ह नावाच्या कारागिरानं काम पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. मुठीतल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, तेरा राउंड दोन ओळींत बसतात. तरी मूठ माझ्या हातात नीट मावते, याचं मलाच नवल वाटलं. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली की पहिला राउंड चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात जातो आणि घोडा चढतो. तिथून पुढे दर गोळीला ते स्वतःच पुंगळी बाहेर टाकतं आणि पुढचा राउंड घेतं. चाप हलका आणि आखूड. पण स्लाइड ओढायला दोन हात लागतात, कारण आमच्याकडे पिस्तूल बाळगायचं ते चेंबर रिकामं ठेवून, असा दंडक आहे.

पहिले तीन दिवस माझा कौल रिव्हॉल्व्हरलाच होता. का, ते सांगते, आणि अण्णा, इथे थांबू नका.

महिन्यापूर्वी एका पोराला आणायला गेलो होतो. एकोणीस वर्षांचा, कोयता फिरवून दुकानांच्या काचा फोडलेल्या. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मी आत शिरले, त्याची कॉलर माझ्या डाव्या हातात आली आणि त्याच वेळी मला कोपऱ्यात उभा केलेला कोयता दिसला. त्यालाही तो दिसत होता. माझा उजवा हात कमरेला गेला. पुढे काही झालं नाही. मागून हवालदारकाका ओरडले आणि पोरगं मटकन खाली बसलं, रडायला लागलं. हत्यार म्यानातून निघालंसुद्धा नाही. पण परत येताना जीपमध्ये माझ्या लक्षात आलं की कमरेला पिस्तूल होतं, चेंबर रिकामं होतं आणि माझा एक हात गुंतलेला होता. ते काढलं असतं तरी तो लोखंडाचा तुकडाच होता. रिव्हॉल्व्हर असतं तर एका हातानं चाललं असतं.

म्हणून रिव्हॉल्व्हर. असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

चौथ्या दिवशी ते रिकामं करून, तीनदा बघून, मी चाप पूर्ण ओढून धरला आणि चक्राला दोन बोटांनी हलवून पाहिलं. अण्णा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हात आपोआप तसा गेला. मेढ्याच्या एसटी आगारात शाळा सुटल्यावर मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा तुम्ही जॅकवर चढवलेलं चाक आधी वरखाली आणि मग डावीउजवीकडे हलवून बघायचात आणि म्हणायचात, "प्ले आहे, ही गाडी घाटात जाणार नाही." तसा त्या चक्राला प्ले, म्हणजे सैलपणा होता. थोडाच. पण चाप ओढलेला असताना घर नळीच्या बरोबर समोर गच्च बसायला हवं. ते हललं तर गोळी नळीच्या तोंडाला घासून जाते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, आपल्याच माणसाच्या तोंडावर. आर्मोरर म्हणाले, "मॅडम, वयाच्या मानानं एवढं चालतं." चांगला माणूस आहे, खोटं बोलत नाही. फायरिंगला ते चाललंही. बारा पावलांवरून सहापैकी पाच लागल्या. पण माझा हात त्याच्यावर पुन्हा निर्धास्त बसला नाही. तुम्ही त्या गाडीला शेड्यूल दिलं नसतं, मग मी ते कमरेला कसं लावू?

तरीही अडकले होते, कारण ती खोली डोळ्यांसमोरून जात नव्हती. आणि नेमका तेव्हा रविवारचा फोन झाला.

आई, इथले सगळे मला विचारत होते की राउंड किती बसतात, मार कुठल्याचा जास्त, कुठलं लवकर निघतं. चुकून कुठलं उडणार नाही, हे फक्त तू विचारलंस. तू उठून गेलीस म्हणून मला आधी वाईट वाटलं, पण रात्री पडल्या पडल्या तोच प्रश्न घेऊन मी दोन्ही हत्यारं मनातल्या मनात परत हाताळली, आणि आठवडाभर सुटत नव्हतं ते सुटलं.

खरं सांगते, चुकून उडणारच नाही असं एकही नाही. पण चूक कुठे होऊ शकते ते दोघांचं वेगळं आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा राउंड कायम भरलेले. चाप जड आहे म्हणून धक्क्यानं सहसा उडणार नाही. पण माणूस घाबरला की अंगठ्यानं घोडा आधीच चढवून ठेवतो, आणि मग तोच चाप अगदी हलका होतो. समोरचा शरण आला तर तो चढलेला घोडा भरल्या घरावर अंगठ्यानं हळू खाली सोडावा लागतो. घामेजल्या हातानं, अंधारात. ते मला नको वाटतं.

आणि दुसरी गोष्ट आजवर तुम्हाला सांगितली नव्हती. मला गोळी लागण्याची जेवढी भीती वाटते त्याहून जास्त भीती माझं हत्यार कुणी हिसकावण्याची वाटते. साध्या कपड्यांत, गर्दीत, चार बायका अंगावर आलेल्या, एखाद्याची आई माझा हात धरून लोंबकळतेय, असं होतं गं. तेव्हा कमरेचं रिव्हॉल्व्हर कुणाच्या हाती गेलं तर त्यानं नुसता चाप ओढायचा. पिस्तूल गेलं तर चेंबर रिकामं आहे. स्लाइड ओढायची हे त्याला सुचेपर्यंत जो क्षण मिळतो तो माझ्या माणसांचा आहे. पडलं, आपटलं, तरी आत उडायला काही नाही. म्हणजे त्या खोलीत जी मला उणीव वाटली होती, तीच तुझ्या प्रश्नाचं उत्तर निघाली.

तेव्हा पिस्तूल घेतलंय. रजिस्टरात नंबर चढला.

एका हाताची अडचण आहेच, ती मी झाकत नाही. तिच्यावर दोन उपाय. एक, यापुढे मी दारातून पहिली आत शिरून कॉलर धरणार नाही. धरणारा वेगळा, मागे उभा राहणारा वेगळा, हे आम्ही पथकात बोलून ठरवलं. खरं तर ते आधीच ठरायला हवं होतं. दोन, स्लाइड पट्ट्याच्या कडेला अडकवून एका हातानं ओढता येते. ते मी रोज ड्युटीच्या आधी दहा मिनिटं करते, रिकाम्या हत्यारानं, वाळूच्या पेटीकडे तोंड करून, आर्मोरर शेजारी उभे असताना. सरावाला खरे राउंड फार मिळत नाहीत आणि प्रत्येकाची पुंगळी मोजून द्यावी लागते. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हात बसतो तो गोळी सुटल्यावरच. पण रिकाम्यानंही पुष्कळ शिकता येतं.

सगळ्यात जास्त मी घोटते ते जमा करायची रीत. अकादमीतले उस्ताद सांगायचे, हत्यार काढताना माणूस सावध असतो, ठेवताना दमलेला असतो. आधी मॅगझिन बाहेर. मग स्लाइड मागे, एकदा नाही, दोनदा. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि करंगळी घालून चाचपायचं. हा क्रम उलटा झाला, स्लाइड आधी आणि मॅगझिन नंतर, तर एक राउंड बाहेर पडतो आणि दुसरा गुपचूप आत जातो. मॅगझिन काढलं की या पिस्तुलाचा चाप चालत नाही अशी रचना आहे, पण त्याच्यावर विसंबायचं नाही, कारण आत राहिलेला राउंड तिथेच असतो. आई, तू रात्री गॅसचं बटण बंद करून परत एकदा हात लावून बघतेस ना, तसं मी रोज करते.

तू म्हणशील, आपल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळेंच्या हातात तर लाठीच होती. २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी कसाबची रायफल उघड्या हातांनी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. त्यांचं नाव तू काढलंस की मला पुढे बोलता येत नाही. पण आई, त्यांच्या हाती लाठी होती हे मला अभिमानानं आठवत नाही, मला त्याचं दुःखच होतं. आणि हत्यार मिळालं म्हणून ते काढायलाच हवं असंही नाही. पळणाऱ्या चोराला पकडताना त्याचा जीव घ्यायचा हक्क कायदा मला देत नाही, आणि द्यावा असं मला वाटतही नाही. त्या कोयत्याच्या पोरानं नंतर ठाण्यात चहा मागितला. मी दिला.

अजून एक, म्हणजे बघून घाबरशील म्हणून आधीच सांगते. माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे खपली धरलीय. या पिस्तुलाचा घोडा मागे येताना तिथलं कातडं चिमटतो. मुठीवरची पकड जरा खाली घ्यायला शिकतेय. हळद लावली होती.

अण्णा, तुमच्याकडे ते जुनं सूत आणि मेण असेल तर बाजूला काढून ठेवा. पिस्तुलाची दोरी खांद्याला घासते, तिच्या टोकाला तुम्ही डब्याच्या पिशवीला घालायचात तशी शिवण घालून हवी आहे. दोरी तेवढी आणीन. पिस्तूल शुक्रवारी रात्री जमा करून, सही करून, पहाटेच्या एसटीनं निघते. आईला सांगा, पिशवीत कपडे आणि तिच्या डोळ्यांचे थेंब, एवढंच असेल.

तुमची लेक