यादी मागू नकोस, विजू

आटपाडी,
9 नोव्हेंबर 2025

प्रिय विजू,

फराळ पोचला. चकल्यांचा पार भुगा झाला होता, पण आमच्या घरी कुणी तक्रार केली नाही, दह्यात घालून संपवला. अनारसे मात्र तू केलेले नाहीत हे मी पैजेवर सांगते.

आता तुझ्या फोनबद्दल. "नववीच्या पोरांना वाचायला लावतील अशा पंचवीस पुस्तकांची यादी पाठव, तुझ्याकडची मुलं वाचतात म्हणे," असं तू म्हणालीस. यादी मी पाठवणार नाही. पाठवली तर तू ती छान टाइप करून ग्रंथालयाच्या दारावर लावशील आणि तिथंच ती मरेल. आमच्याकडे अशा यादीला वाळवी लागलेली मी पाहिली आहे, शब्दशः.

पोरांचं गणित सरळ असतं गं. "चांगलं पुस्तक" म्हणजे जे मोठी माणसं आपल्याला वाचायला सांगतात आणि स्वतः कधी वाचताना दिसत नाहीत ते. आमचं पुस्तकांचं कपाट काचेचं आहे, किल्ली ऑफिसात असते आणि 15 ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, ते उघडतं. वाचन प्रेरणा दिन! यंदाही प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं, रांगेत बसवलं, फोटो काढला, वर पाठवला. एका पोरानं पुस्तक उलटं धरलं होतं, ते फोटो गेल्यावर लक्षात आलं. कुणाचं काही अडलं नाही. लगेच पुस्तकं गोळा करून कपाट बंद, कारण दुसऱ्या तासाची घंटा झाली होती.

तर मी काय करते ते सांगते. वर्गाच्या दाराला आतून एक जुना भूगोलाचा तक्ता उलटा करून लावलाय. त्याच्या कोऱ्या पाठीवर मी सध्या काय वाचतेय ते लिहिते. पुस्तकाचं नाव, लेखक, कितव्या पानावर आहे, आणि सुचलं तर एखादी ओळ. बास. "तुम्हीही वाचा" असं लिहायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, सारांश मागायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खोटं लिहायचं नाही. जे खरंच उशाशी आहे तेच.

हे शेवटचं सांभाळणं सर्वांत अवघड. तक्ता लावला तेव्हा माझ्या उशाशी काय होतं माहितेय? नारायण धारप. हॉस्टेलवर आपण दोघी एका पांघरुणात "समर्थां"च्या गोष्टी वाचून रात्री बाथरूमला जोडीनं जायचो, तेच. मराठीच्या बाईंनी तक्त्यावर भुताची गोष्ट लिहायची? खांडेकर लिहावेत असा मोह झाला होता, ज्ञानपीठ वगैरे सांगता आलं असतं. पण खांडेकर मी कॉलेजनंतर हातात धरलेले नाहीत. शेवटी धारप लिहिले आणि खाली ओळ लिहिली, "रात्री अकरानंतर वाचणं बंद केलं आहे."

मधल्या सुट्टीत दाराशी घोळका. "मॅडम, तुम्हाला भ्या वाटतं?"

यातून माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. आपण उगाच म्हणतो की या पोरांच्या घरात वाचन नाही. श्रावणात आमच्या गल्लीत चार घरं सोडून एक घर असं असतं जिथं नवनाथांची पोथी लागते. चाळीस अध्याय, रोज ठरलेले, आजोबा किंवा चुलता मोठ्यानं वाचतो आणि सगळं घर बसतं. त्यात वेताळ आहे, मंत्र घातलेलं भस्म आहे, स्त्रीराज्यात अडकलेले मच्छिंद्रनाथ आहेत आणि त्यांना सोडवायला निघालेले गोरक्षनाथ आहेत. ज्या पोरानं मांडी घालून हे ऐकलंय त्याला धारप काय परके? तो तर त्याच्या घरचाच मामला. आमच्या मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "बाई, शाळेत हे भुताखेताचं कशाला?" मी पोथीचं नाव काढलं. ते स्वतः पारायणाला बसतात. गप्प झाले, मग म्हणाले, "बरं, पण मधूनमधून श्यामची आईपण येऊ द्या."

आली की. पण तीही माझ्या पद्धतीनं. आपल्या पोरांना ते पुस्तक धड्यांतून इतकं पाजलेलं असतं की नाव ऐकताच चेहरे "हो, हो, आई, संस्कार" असे होतात. मी पुन्हा वाचायला घेतलं होतं ते वेगळ्याच कारणानं, या उन्हाळ्यात साने गुरुजींच्या अमळनेरच्या दिवसांबद्दल वाचत होते म्हणून. तुला आठवतं का, प्रताप हायस्कूलला असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी ते "छात्रालय दैनिक" काढायचे, हातानं लिहून? छापखाना नाही, काही नाही. एक शिक्षक आपल्या मुलांना रोज काहीतरी वाचायला मिळावं म्हणून लिहीत बसायचा. माझा तक्ता त्यापुढे अगदीच आळशी. ते मी वर्गात सांगितलं, आणि तक्त्यावर ओळ लिहिली, "हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं."

तुरुंग म्हटल्यावर आमची पोरं जागी होतात, कारण इथं जवळच स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या काळात कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून शेती करायला लावली, ती. "दो आँखें बारह हाथ" हा सिनेमा तिच्यावरूनच सुचला, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मग प्रश्नांची सरबत्ती. तुरुंगात कागद मिळतो का? शाई कोण देतं? लिहिलेलं बाहेर कसं नेलं? यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. दोघींनी पुस्तक मागून नेलं. एकीनं आठवड्यात परत आणलं आणि म्हणाली, "यात श्याम लई रडतो, मॅडम." मला हे मत एकदम मान्य आहे. तसं तिला सांगितलंही. तेव्हापासून ती मला मतं सांगायला लागली आहे.

पानाचा आकडा लिहिण्याची कल्पना अशीच सहज आली होती, पण खरी चावी तीच निघाली. पोरं माझ्यावर पाळत ठेवतात. "मॅडम, मंगळवारपासून 112 वरच आहात." मी म्हटलं, चाचणीचे पेपर तपासत होते. "मग लिहा ना तसं." लिहिलं. एकदा शनिवारनंतर आकडा नव्वदनं वाढला तर एकानं आठवीच्या वर्गात जाऊन बातमी दिली. त्यांच्या आयुष्यात मोठ्या माणसाचं वाचन असं अडखळताना, धावताना, थांबताना कुणी दाखवलंच नव्हतं. बाईंना सगळं वाचून झालेलं असतं आणि पोरांचं सगळं राहिलेलं असतं, अशीच आपल्या शाळांची मांडणी.

म्हणून नेमाड्यांची "कोसला" मी मुद्दाम लपवली नाही. तुला माहीत आहे माझं आणि तिच्या नायकाचं, पांडुरंग सांगवीकराचं, कधी जमलं नाही. करवीर नगर वाचन मंदिरातून तू ती आणलीस, एका रात्रीत वाचलीस आणि आठवडाभर माझ्याशी त्याच्याच भाषेत बोलत राहिलीस, वगैरे. मी तेव्हाही चाळिसाव्या पानावर ठेवली होती. या पावसाळ्यात पुन्हा घेतली, साठाव्या पानापर्यंत गेले आणि तक्त्यावर लिहिलं, "सोडली. माझ्या मैत्रिणीला फार आवडते. पुढच्या वर्षी परत बघेन." वर्गात अशी खळबळ! पुस्तक अर्धं सोडता येतं? बाईंना? एका पोरानं दप्तरातून एक चरित्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं, तिसरीपासून त्याच्याकडे होतं, बक्षीस मिळालेलं. "मग मी पण हे सोडतो." त्याच्या चेहऱ्यावर कर्ज फिटल्यासारखा भाव होता. त्या पोरानं नंतर "फास्टर फेणे" ओळीनं संपवले, सांगू का. फेणेचं गाव फुरसुंगी कुठं आहे हे नकाशात शोधून काढलं आणि ते आता पुण्यालाच जाऊन चिकटलंय हे कळल्यावर जरा नाराज झाला.

"बनगरवाडी"बद्दल लिहायला बसले की पानं पुरणार नाहीत. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ इथून हाकेच्या अंतरावर. पुस्तक 1955 चं, पण माळ तोच आणि पाऊसही तितकाच नाठाळ. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, डाळिंबं दिसतात, तरी उन्हाळ्यात बाभळीखाली उभं राहिलं की पुस्तकातलंच वाटतं. औंध संस्थानातला तो कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर चालत जातो, शाळा कुणाला नकोच असते, आणि हळूहळू वाडी त्याला आपल्यात घेते. मी ते तासाच्या शेवटी दहा मिनिटं मोठ्यानं वाचत होते, कारण शाळेत प्रत एकच आणि तिची पहिली पानं गेलेली.

वर्गात एक मुलगा आहे, बोलत नाही फारसा. आई-वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात, पार पावसाळा तोंडावर येईपर्यंत. हा आजोबांजवळ राहतो. त्यानं पुस्तक रात्रीपुरतं मागितलं. सकाळी आणून द्यायचा, संध्याकाळी न्यायचा. बरेच दिवस असं चाललं, मला वाटलं हळू वाचतोय. एकदा त्याच्या घराकडे गेले तर काय, हा दिव्याखाली बसून मोठ्यानं वाचतोय, आजोबा समोर लोकर कातताहेत, तकली फिरतेय, आणि मधेच थांबवून म्हणताहेत, "थांब. वाघर लावताना कुणी काय बोललं ते लिवलंय का?" वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. मुलगा म्हणाला, नाही लिहिलं. "मग त्यो तवा घरी गेला आसंल." आणि कातणं पुढे सुरू. मला चहा दिला, लेखक कोण, कुठला, कुणाचा, सगळं विचारून घेतलं आणि शेवटी निकाल दिला, "ह्यो मानूस आमच्यातला न्हवं. पर बसलाय आमच्यात."

विजू, एवढी नेमकी समीक्षा आपल्याला एम.ए.ला कुणी शिकवली होती का? कारभारी, रामोशी, तालमीचं उद्घाटन करायला आलेला राजा, प्रत्येकावर त्या म्हाताऱ्याचं स्वतंत्र म्हणणं आहे. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते, तो भाग नातवानं वाचला तेव्हा आजोबा काय म्हणाले ते मी विचारलं. "काय नाय. म्हणाले, आता दुसरं आण."

दुसरं म्हणून मी चितमपल्ली दिले. जूनमध्ये ते गेले तेव्हा मी "रानवाटा" परत काढलं होतं, तक्त्यावर तेच होतं. सोलापूरचा माणूस, वनखात्यात नोकरी, उभं आयुष्य जंगलात. याच वर्षी पद्मश्री मिळाली आणि याच वर्षी गेले. आजोबांना ते "बनगरवाडी"इतकं रुचलेलं नाही, झाडी फार आहे म्हणे. माळावरच्या माणसाला झाडी फार झाली तर कसं व्हायचं!

हे सगळं वाचून तुला वाटेल माझा वर्ग म्हणजे वाचनाचा मठ झालाय. तसलं काही नाही. अर्ध्याअधिक पोरांना तक्त्याशी देणंघेणं नाही. काहींना फक्त माझा आकडा चुकला का यात रस आहे. एक जण रोज येऊन माझ्या ओळीखाली "छान" लिहून जातो, त्याला वाटतं गुण मिळतील. आणि मोबाइल आहेच, त्यावर तुझ्या-माझ्या रडगाण्याचं एक वेगळं पत्र होईल. पण मागच्या बाकावरच्या एकीनं वहीच्या पुठ्ठ्यावर स्वतःचा छोटा तक्ता केलाय. त्यात "किशोर" मासिकाचे जुने अंक आहेत, बालभारतीनं 1971 पासूनचे नेटवर फुकट ठेवलेत ते. हे मात्र तुझ्याकडे कामाला येईल, तुमच्याकडे मोठा पडदा आहे, इंटरनेट आहे. जुन्या अंकांची चित्रं तर बघच.

तर तू "बनगरवाडी" लावू नकोस. डोंबिवलीच्या पोरांना वाघर कशाला? तू लोकलमध्ये मोबाइलवर ज्या खुनाच्या गोष्टी वाचतेस आणि कुणी बघितलं की पटकन बंद करतेस, त्या लिही. तुझे बाबा अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड ट्रंकेत ठेवायचे ना? हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं आणि आपल्या बी.एड.च्या एकाही तासाला त्यांचं नाव निघालं नाही. ती ट्रंक अजून असेल तर एक पुस्तक वर्गात नेऊन नुसतं टेबलावर ठेव. मुलं काय करतात ते मला कळव. तुमच्या सुपरवायझर बाई काय म्हणतील ते मीही काही सांगू शकत नाही, त्या तुझ्या तू बघ.

आणि एक काम. आमचं धारपांचं एक पुस्तक पोरांच्या हातात फिरून फिरून सुटं झालंय, मधली आठ-दहा पानं कुणाकडे आहेत पत्ता नाही, आणि गंमत म्हणजे शेवट कुणालाच माहीत नाही. फोनवर नाव सांगते. तुमच्याकडच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे बघशील? पैसे मी पाठवते, मागच्या वेळेसारखं "राहू दे गं" करायचं नाही. जानेवारीत लग्नाला येशीलच तेव्हा घेऊन ये, पण त्याआधी शेवटच्या पानांचा फोटो पाठव, पोरं रोज विचारतात.

भाऊजींना नमस्कार, पिंट्याला दहावीच्या शुभेच्छा आणि थोडी सूट.

तुझी,
मंगल