पहाटे निघताना शेजाऱ्यांची झोप

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत की पहाटे सव्वाचारला मोटरहोमचे, म्हणजे चाकांवरच्या घराचे, एवढे धूड घेऊन मुक्कामाच्या तळावरून निघालात, तर आजूबाजूच्या तंबूंतल्या माणसांची झोपमोड झाली नाही का. उत्तर अर्धवट राहिले म्हणून सविस्तर लिहीत आहे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी नोकरी काढलेल्या तुम्हाला त्यातला तपशील आवडेल असे वाटते.

एवढ्या पहाटे निघण्याचे कारण लांडगे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातून ते नामशेष झाले होते. १९९५ साली कॅनडातून १४ लांडगे आणून तेथे सोडले आणि लामार खोऱ्यात ते पुन्हा नांदू लागले. ते दिसण्याची शक्यता उजाडताना सर्वाधिक असते. जूनअखेरीस तेथे साडेपाच-पावणेसहाला सूर्य उगवतो आणि आमचा मुक्काम होता मॅमथ कॅम्पग्राउंडवर, म्हणजे खोऱ्यापासून सुमारे ५० किलोमीटर अलीकडे. रस्त्याकडेला गाडी लावून रात्र काढायला उद्यानात मनाई असल्यामुळे आदल्या रात्रीच पुढे जाऊन झोपण्याची सोय नाही. त्यातच तळावर रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ असते. त्या वेळेत गाडी बाहेर काढायला हरकत नाही, हरकत आवाजाला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमात तर ५० फुटांवरून मोजल्यास यंत्राचा आवाज ६० डेसिबलच्या वर जाऊ नये, असे आकड्यांत लिहून ठेवले आहे. मात्र शेजारी तंबू ठोकून झोपलेल्या माणसाला आकड्याशी काय देणेघेणे? त्याच्या आणि आपल्या गाडीच्या मध्ये कापडाचा एक पदर असतो.

तुम्ही म्हणाल, इंजिन थोडे गरम होऊ द्यावेच लागते. आमची भाड्याची गाडी फोर्डच्या चासीवरची आणि पेट्रोलची होती. असे इंजिन उभ्याने गरम करण्याची गरज नसते. सुरू करावे आणि पहिले काही किलोमीटर बेताने चालवावे. आमच्या पलीकडच्या जागेवर मात्र मागे डिझेल इंजिन असलेले, बसएवढे मोटरहोम होते. त्याला एअर ब्रेक असल्याने टाकीत हवेचा दाब भरेपर्यंत इंजिन चालू ठेवण्यावाचून गत्यंतर नसते आणि तोवर धोक्याची सूचना देणारा बझर वाजत राहतो, हे तुम्हाला मी काय सांगावे! त्या गाडीचे वयस्कर मालक म्हणाले की ते स्वतः सहाच्या आत किल्लीला हात लावत नाहीत. ज्याला लवकर निघायचे आहे त्याने तळाच्या कडेची, रस्त्यालगतची जागा घ्यावी, असा त्यांचा सल्ला होता आणि तो मला पटला.

खरे सांगायचे तर झोपमोड इंजिनापेक्षा निघणाऱ्यांच्या लगबगीने अधिक होते. आपल्याकडची निघण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे: दार चार वेळा उघडायचे, चार वेळा लावायचे, आणि 'चार्जर घेतला का', 'पाण्याची बाटली कुठे आहे' हे अंगणातून ओरडून विचारायचे. म्हणून सगळे आदल्या संध्याकाळी उरकले. बाजूला सरकून बाहेर येणारा खोलीचा भाग मोटरने आत घेताना चांगलीच घरघर करतो, तो जेवणानंतर लगेच आत घेतला. त्यामुळे रात्री आत वळायलाही जागा उरली नाही, ही गैरसोय सोसली. बाहेरच्या खुर्च्या आणि सावलीचे कापडी छत आवरले. अस्वलांच्या भीतीने खाण्याचे काही बाहेर ठेवायचे नसतेच, तेव्हा ते काम आपोआप झाले. चाकांखाली सपाटीसाठी प्लास्टिकचे ठोकळे घालतात, त्यांवरून गाडी उतरताना जोरात कट्ट असा आवाज होतो. तुमच्या जावयांनी त्यातल्या त्यात सपाट जागा शोधून ठोकळे टाळले. मॅमथच्या बऱ्याच जागा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशा आहेत, त्यामुळे रिव्हर्सचा बीप-बीप वाजण्याचा प्रश्न नव्हता. जून असूनही पहाटे काचेवर दव गोठू शकते आणि ते वितळवण्यासाठी माणसे इंजिन चालू ठेवून बसतात, म्हणून समोरच्या काचेवर बाहेरून जाड कापड बांधून ठेवले. नळ सोडला की पाण्याचा पंप घुरघुरतो, तेव्हा चहा रात्रीच थर्मासमध्ये भरला. सकाळी आत काही शिजवायचे नाही हेही ठरवले होते, कारण या गाड्यांत साधी फोडणी दिली तरी धुराचा भोंगा किंचाळतो.

शेजारच्या तंबूत लहान बाळ होते. त्याच्या आईला मी संध्याकाळीच सांगितले की आम्ही पहाटे निघणार आहोत आणि आमच्या दिव्यांचा झोत तुमच्या बाजूला येणार नाही अशी गाडी उभी केली आहे. तिने आनंदाने मान डोलावली. आधी सांगितलेला आवाज माणसाला कमी बोचतो, असे मला वाटते.

सकाळी मुले अंगावरच्या कपड्यांनिशी उठून पट्टे लावून बसली. रिमोटने कुलूप उघडले की दिवे लुकलुकतात आणि गाडी टिटी करते, म्हणून आम्ही आतूनच पुढच्या आसनांवर गेलो आणि दार उघडले ते एकदाच. काचेवरचे कापड तेवढे सोडायला जावई बाहेर उतरले आणि येताना दार हळूच दाबून बंद केले. 'गणपती बाप्पा मोरया' झाले, पण पुटपुटत. धाकट्याला ते अजिबात रुचले नाही. किल्ली फिरवल्यापासून रस्त्याला लागेपर्यंत एखादे मिनिट गेले असेल.

लांडगे दिसले, लांबून, दुर्बिणीतून. त्याचे वर्णन आईच्या पत्रात केले आहे.

तुम्ही दोघे सप्टेंबरच्या उत्तरार्धात यावे असे आम्हाला वाटते. तेव्हा तेथे सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे सहा वाजता, शांततेची वेळ संपल्यावर, निघूनही उजाडताना खोऱ्यात पोहोचता येते. शिवाय त्या दिवसांत मॅमथच्या आसपास एल्क जातीच्या सांबरांचे नर माजावर येऊन ओरडत फिरतात. तो गोंगाट आवरण्याचा नियम अजून कोणी केलेला नाही. आईचे गुडघे पाहता गाडीची पायरी कमी उंचीची बघावी लागेल. तळाचे आरक्षण बरेच आधी करावे लागते, म्हणून रजेचे आणि व्हिसाचे काय ठरते ते लवकर कळवावे.

आईस नमस्कार. लोभ असावा.

तुमची,
ताई