बाबांच्या फोनात दिसलेला चेहरा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, "म्या तं त्याले शोधलंबी नाई, मंग त्याचं तोंड माह्या फोनात कसं काय आलं?" तेव्हा मी विषय बदलला. तुम्ही कृषी केंद्रावर होतात, फोन स्पीकरवर होता आणि मागे चार जणांचे आवाज येत होते. हे बोलणं चारचौघांतलं नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. आईला वाचून दाखवा आणि पत्र कपाटात ठेवा.

मावशीच्या जावयाचा फोटो फेसबुकच्या "तुमच्या ओळखीचे असू शकतील" या यादीत आला, हे ऐकून पोटात गोळा आला. तुम्हाला तो दिसला, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण ही यादी प्रत्येकाच्या फोनात येते, त्याच्याही येत असणार. तिथे उद्या ताईचं, म्हणजे त्याला सोडून आलेल्या मावशीच्या पोरीचं, नवं खातं दिसलं तर? तिने नंबर बदलला, नाव थोडं वेगळं लावलं, फोटोऐवजी मोगऱ्याचं फूल ठेवलं. नवा नंबर मोजक्याच माणसांना दिला, त्यात तुम्ही आहात. ती आता कुठे राहते ते मी या कागदावरही लिहीत नाही.

आता ते तोंड कसं आलं ते सांगते. असं ॲप पहिल्यांदा उघडलं की ते फोनमधले नंबर वाचायची परवानगी मागतं. आपण "हो" दाबतो आणि सगळी यादी कंपनीकडे जाते. तुमच्या यादीत ट्रॅक्टरवाला आहे, दारव्ह्याचा डॉक्टर आहे, लग्नाच्या वेळी घेतलेला जावयाचा नंबर आहे आणि "मावशीची पोर नवा नंबर" असं लिहिलेली ताईही आहे. तिकडे जावयाच्या फोनात तुमचा नंबर आहेच. सोयरिक जुळवणारा मध्यस्थ दोन्ही घरची माहिती काढतो, तसं हे यंत्र याद्या जुळवतं. फरक एवढाच की मध्यस्थ आधी दोन्ही घरांना विचारतो. फेसबुकवर ही सोय २००८ पासून आहे. तुमचे सामाईक मित्र, एकच ग्रुप, एकच शाळा किंवा नोकरी, अपलोड केलेले नंबर, यांवरून नावं सुचवतो, असं फेसबुक स्वतःच सांगतं. पण अमुक एक माणूस नेमका कशावरून आला, हे आपल्याला कळत नाही. म्हणून तुमच्याकडे तो नेमका कसा आला, हे मलाही छातीठोक सांगता येणार नाही. नंबरांवरून आला असावा.

ताईने स्वतः कितीही काळजी घेतली तरी तिचा नंबर दुसऱ्याच्या फोनातून बाहेर जातो, मला याचाच राग येतो. तिला कुणी विचारलंच नाही. "हो" तुम्ही दाबलं, आणि तुम्हाला तरी कुठे कुणी नीट सांगितलं होतं?

बाबा, आपल्या गावात कोण कुणाचा कोण लागतो हे सगळ्यांना पाठ आहे. एसटीतून उतरलं की "कोनाची वं तू पोरी?" पासून सुरुवात होते. ताई आपल्याकडे राहायला होती हेही साऱ्या गावाला माहीत होतं. तरी जावयाचा भाऊ मोटरसायकल घेऊन चौकशीला आला तेव्हा काय झालं, ते आईनेच मला सांगितलं. किराणा दुकानदाराने त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, चहा पाजला आणि म्हणाला, "आमाले काई मालूम नाई बाप्पा." आदल्याच दिवशी ताई त्याच्याकडून साखर आणि उदबत्ती घेऊन गेली होती. पारावरच्या म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. पीठगिरणीवरच्या बायकांनी तर मान वर करून पाहिलंही नाही. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. कुठली ओळख सांगायची आणि कुठली पोटात ठेवायची, हे त्या माणसांना कळतं. फोनमधल्या यादीला ते कळत नाही, आणि ती यादी तर गावापेक्षा कितीतरी लांब पोचते.

मी उगाच घाबरवते आहे असं समजू नका. २०१० च्या फेब्रुवारीत गुगलने जीमेलमध्ये "बझ" नावाची सोय आणली होती. ज्यांच्याशी जास्त पत्रव्यवहार, ती माणसं आपोआप जोडली जायची आणि ती यादी इतरांनाही दिसू शकायची. अमेरिकेतल्या एका बाईने तेव्हा संतापून लिहिलं होतं की, छळ करणारा तिचा आधीचा नवराही त्यात जोडला गेला. मोठी ओरड झाली, बदल करावे लागले, आणि २०११ मध्ये बझ बंदच झालं. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये फेसबुकची मित्र शोधून आमंत्रणं पाठवायची पद्धत बेकायदा ठरवली. २०२१ मध्ये फेसबुकच्या ५३ कोटींहून जास्त लोकांचे नंबर आणि माहिती उघड्यावर आली, त्यात सुमारे ६० लाख भारतातले होते. नंबर टाकून ओळखीची माणसं शोधायची जी सोय होती, तिचाच वापर करून कुणीतरी ती माहिती गोळा केली होती.

"लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला," असं तुम्ही म्हणता, म्हणून आणखी एक सांगते. आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलेले निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तुमच्याहून मोठे, ऐंशी ओलांडलेले होते. त्यांच्या त्या खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ताईने काही गुन्हा केलेला नाही. तिला फक्त शांतपणे जगायचं आहे, आणि तो तिचा हक्क आहे.

आता करायचं काय. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपची कॉन्टॅक्ट्सची परवानगी बंद करायची. आधी गेलेले नंबर ॲपच्या आतून वेगळे पुसावे लागतात, नुसती परवानगी काढून ते जात नाहीत. मित्रांची यादी "ओन्ली मी", म्हणजे फक्त स्वतःला दिसेल अशी, करायची. तरी सामाईक मित्र दिसतातच, म्हणून ताईला तिथे जोडू नका, तिच्या फोटोखाली काही लिहू नका. नंबरवरून कुणी आपल्याला शोधू नये, तेही बंद करता येतं. जावयाकडून रिक्वेस्ट आली तर स्वीकारू नका, आणि त्याचं नाव शोधून त्याचं खातं उघडूनही पाहू नका.

आई, बचत गटाच्या ग्रुपवर तू मागच्या महिन्यात हळदीकुंकवाचे फोटो टाकलेस, त्यात मागे ताई दिसते. तेवढा एक काढून टाक. ग्रुपमधल्या बायकांवर माझा संशय नाही, पण फोटो पुढे कुठे जातो ते त्यांच्याही हातात नसतं.

हे सगळं शेजारच्या पोराकडून करून घेऊ नका. पोरगा चांगला आहे, पण ती यादी त्याच्याही नजरेखालून जायला नको. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल करते. बाबांचा फोन चार्ज करून ठेवा, चष्मा जवळ घ्या आणि ॲपचा पासवर्ड डायरीतून काढून ठेवा. एकेक बटण मी सांगते तसं दाबा. अर्ध्या तासात होईल.

तुमची
लेक