विषय : ‘शकुंतला’ रेल्वेला ‘कायमचे बंद’ ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापन, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच बोलता बोलता फोन कापला, म्हणून हे लेखी कळवतो.

तुमच्या प्रवास-ॲपवर मूर्तिजापूर–अचलपूर आणि मूर्तिजापूर–यवतमाळ या शकुंतलेच्या दोन्ही नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) मार्गांपुढे ‘कायमचे बंद’ अशी लाल पट्टी आहे. हे कोणी ठरवलं? गाड्या थांबल्यात हे आम्हा दर्यापूरकरांना ठाऊक आहे. पण सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१६ साली, हा मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) करण्याची घोषणा झाली. खर्च १५०० कोटी सांगितला गेला. काम रखडलं आहे. रखडलेला मार्ग तुम्ही मोडीत कसा काढता?

तुमच्या प्रतिनिधीने आधी गाडी नंबर मागितला. गाडीच धावत नाही, नंबर कुठला देऊ? मग विचारलं, “अचलपूर राजस्थानात ना, सर?” मी म्हटलं, अमरावती जिल्हा. होल्डवर टाकून गाणं ऐकवलं. परत येऊन म्हणाला, “त्या लाइनला ट्रॅफिकच नव्हतं सर, कोणी जात नाही तिकडे. तुम्ही बस बघा ना.” मी म्हटलं, भाऊ, बसचं भाडं परवडत नव्हतं म्हणूनच तर माणसं शकुंतलेत बसायची. उत्तर आलं, “तो तुमचा पर्सनल प्रॉब्लेम आहे.” आणि फोन बंद.

पर्सनल? अंजनगाव, दर्यापूर, कारंजा, दारव्हा इथल्या मजुरांचा आणि शिकणाऱ्या पोरांचा प्रश्न माझ्या एकट्याचा कसा? वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडातल्या मँचेस्टरला पोचावा म्हणून हे रूळ टाकले. मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन इथे १९९४ पर्यंत राबलं. पुढे माल सडकेने जाऊ लागला, फेऱ्या कमी झाल्या, रुळांची डागडुजी होईना म्हणून गाडी रांगू लागली. अशा गाडीला गर्दी कुठून होणार? आणि तीच कमी गर्दी आज आमच्या तोंडावर फेकता!

‘कोणी जात नाही’ हे वाक्य मला अजून सलतंय. तुमचं ॲप आमच्या गावातले व्यापारी पाहतात, पुढारीही पाहतात. लाल पट्टी पाहून उद्या कोणी म्हणेल, संपलाच हा मार्ग, आता मागणी कशाला करता?

पट्टी काढून ‘सेवा स्थगित, गेज रूपांतर प्रलंबित’ असं लिहा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाहीतर माझ्या वार्षिक वर्गणीचे उरलेले पैसे परत करा. ते मिळाले नाहीत तर मी ग्राहक आयोगात जाणार.

तुमचा ग्राहक,
दर्यापूर, जि. अमरावती