सोडणांचं पोतं पाठवलं आहे

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

तू मागितलेली नारळाची सोडणं काल नागपूरच्या ट्रान्सपोर्टला टाकली. आईने चार दिवस उन्हात वाळवलीत. काथ्यावर जिवाणू वाढवायचे आणि कारखान्याच्या हवेतलं टोल्युइन, ते उग्र वासाचं रसायन, त्यांना खायला घालायचं, मागे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, हे तू सांगितल्यापासून माझ्या डोक्यात तेच आहे.

लोट्याच्या रसायन कारखान्यात मी २२ वर्षं स्क्रबरवर, म्हणजे चिमणीआधी वायू धुणाऱ्या यंत्रावर काढली. हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुतली की मीठ होऊन पाण्यात उतरायची. टोल्युइन पाण्यात फारसं विरघळतच नाही. स्क्रबर नीट चालू असला तरी ते चिमणीतून बाहेर. तो वास अंगावर घेऊन मी घरी यायचो, आणि तू लहानपणी जवळ यायची नाहीस.

मने, तुझ्या प्रयोगात सिलिंडरमधून मोजून, एकसारखी हवा येते. चिमणीची तशी नसते. रिॲक्टर भरताना दहा मिनिटं वासाने डोकं उठतं, मग तीन-तीन तास काही नाही. रविवारी प्लांट बंद. तेव्हा जिवाणू काय खाणार? आणि सोमवारी एकदम आलेलं त्यांना पचेल? जिवाणूंच्या आधी ॲक्टिव्हेटेड कार्बनचा, म्हणजे वायू धरणाऱ्या कोळशाचा थर ठेवला तर तो जास्तीचं धरतो आणि हळूहळू सोडतो म्हणालीस, ते आधी करून बघ. हवा गरमही असते. ४० अंशांवर तुझे जिवाणू दमतात, आणि काथ्या सुकून भेगा पडल्या की हवा भेगेतूनच पळणार, न धुता.

आणखी एक. कॉस्टिक वाचवायला रात्रपाळीत स्क्रबरचा पंप बंद ठेवायला सांगायचे. मी तो माझ्या हाताने बंद केलाय. खालच्या वाडीत लोक झोपलेले असायचे. सकाळी बटण दाबलं की तपासणीला सगळं चालू. तुझा जिवाणूंचा थर बटणावर उठणारा नाही. म्हणून पाणी आणि हवा तोडून तो किती तास तग धरतो, मेल्यावर पुन्हा कामाला यायला किती दिवस लागतात, ते मोज आणि तुझ्या प्रबंधात ठळक लिही. चालवणाऱ्याच्या हातात तो आकडा हवा. माझ्या हातात असता तर साहेबांना दाखवला असता.

पोत्यात वर जुन्या माडाची सोडणं आहेत, खाली शहाळ्यांची. शहाळ्यांची लवकर कुजतात, मिसळू नकोस.

तुझे,
बाबा