घरचा रशियन

कराड,
रविवार, रात्र

चि. अजिंक्य यास अनेक आशीर्वाद.

दुपारी फोनवर आपला दोघांचाही आवाज चढला आणि शेवटी तुझ्या आईनं फोन काढून घेतला. म्हणून हे पत्र. कागदावर माझा आवाज चढत नाही आणि तुला मध्येच तोंड घालता येत नाही.

युक्रेनवरच्या मतदानात भारत तटस्थ राहतो, रशियाकडून तेल घेतो, वर अमेरिकेशीही गोड बोलतो, हा तुझ्या मते बोटचेपेपणा. आणि फिनलंड बघा, छाती पुढे काढून नाटोत गेला. गेला, खरंय. पण 4 एप्रिल 2023 ला गेला. त्याआधीची पंच्याहत्तर वर्षं ते काय करत होते, हे मी तुला विचारलं तर तू म्हणालास, "तो इतिहास झाला, बाबा." इतिहासाच्या मास्तराला असं म्हणू नये रे.

तू तिकडे फिनलंडमध्ये, लापेनरांतात, ज्या कालव्याच्या काठानं सायकल मारतोस त्याचंच घे. साइमा कालवा 1856 साली खुला झाला. तुमच्या सरोवरापासून वीबोर्गच्या समुद्रापर्यंत सुमारे 43 किलोमीटर. वीबोर्ग तेव्हा फिनलंडमधलं मोठं, नांदतं शहर होतं. ते रशियाशी झालेल्या युद्धात गेलं आणि कालव्याचा खालचा जवळपास अर्धा भाग सीमेपलीकडे राहिला. मग फिनलंडनं काय केलं? 1963 साली तो भाग रशियाकडून पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतला, दुरुस्त केला आणि 1968 मध्ये पुन्हा जहाजं सोडली. भाऊबंदकीत गेलेल्या आपल्याच वाड्याची पडवी भाड्यानं मागावी, तसं. तुझ्या हिशेबानं ही लाचारी. मला मात्र त्या माणसांच्या चिवटपणाचं कौतुक वाटतं.

छाती त्यांनी आधी काढून बघितली होती. 1939 च्या शरदात स्टालिननं लेनिनग्राडजवळची सीमा मागे सरकवा आणि हांको बंदर भाड्यानं द्या, असा तगादा लावला. बोलणी करायला मॉस्कोला गेलेले फिनलंडचे मुत्सद्दी पासिकिवी थोडं द्यावं या मताचे होते. हेलसिंकीत बसलेल्यांना ते पटलं नाही. 30 नोव्हेंबरला बॉम्ब पडले. पुढे 105 दिवस ती माणसं अशी लढली, की जगानं तोंडात बोट घातलं. राष्ट्रसंघानं रशियाला काढून टाकलं. स्वीडनहून स्वयंसेवक आले. पण कुणाचंही सैन्य आलं नाही. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मेली, सीमेवरचा कारेलिया प्रांत गेला आणि चार लाखांवर लोक गुरंढोरं, गाठोडी घेऊन अलीकडे आले. विस्थापित म्हणजे काय, ते कोयनेकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग 1941 मध्ये गेलेलं परत मिळवायला ते हिटलरच्या जर्मनीबरोबर उतरले, हे मी झाकणार नाही. 1944 मध्ये पुन्हा हरले आणि 30 कोटी डॉलरची खंडणी कपाळी आली. तीही रोकड नाही, मालात: जहाजं, यंत्रं, लाकूड, कागद. एवढी जहाजं नि यंत्रं बांधणारे कारखाने त्यांच्याकडे होतेच कुठे? खंडणी फेडण्यासाठी उभारले. 1952 साली शेवटचा माल रवाना झाला. त्याच वर्षी हेलसिंकीत ऑलिंपिक झालं आणि आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. लहानपणापासून त्यांच्या स्वागताची ती बैलगाड्यांची मिरवणूक ऐकत आलो, पण ज्यांनी ते सामने भरवले ते त्याच सालापर्यंत कर्ज फेडत होते, हे मलाही फार उशिरा कळलं.

आता खरी मुत्सद्देगिरी. फेब्रुवारी 1948 मध्ये स्टालिनचं पत्र आलं: हंगेरी-रुमानियाशी केला तसा करार तुम्हीही करा. त्याच महिन्यात चेकोस्लोव्हाकिया कम्युनिस्टांच्या हाती गेला होता. पासिकिवी आता राष्ट्राध्यक्ष होते, वय 77. त्यांनी 'नाही' म्हटलं नाही आणि 'हो'ही तसंच्या तसं म्हटलं नाही. कलमं घासून घासून अशी करून घेतली, की जर्मनी किंवा तिचा मित्र फिनलंडच्या वाटेनं चालून आला तरच लढायचं, तेही आपल्याच भूमीवर, आणि रशियाची मदत आधी दोघांनी ठरवून मगच. बड्यांच्या भांडणाबाहेर राहण्याची फिनलंडची इच्छासुद्धा प्रस्तावनेत लिहून घेतली. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना तू एवढी घासाघीस करत नाहीस.

अपमान गिळावे लागलेच. मार्शल योजनेतला अमेरिकेचा पैसा नाकारला. हेलसिंकीजवळचं पोर्ककला रशियाच्या तळाला दिलेलं. तिथून गाडी जाताना डब्यांच्या खिडक्यांवर बाहेरून झडपा ठोकायचे. लोक त्याला जगातला सर्वांत लांब बोगदा म्हणत. 1956 मध्ये तो तळ परत मिळाला. त्याच साली हंगेरीत रशियाचे रणगाडे घुसले आणि संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं, तेव्हा फिनलंड तटस्थ राहिला. भारतही राहिला. बघ, तटस्थांच्या त्या यादीत तुझे यजमान आणि आपण एकत्र होतो.

पण सैन्यशिक्षण त्यांनी सोडलं नाही. तुझ्या इमारतीखालचं बॉम्बपासूनचं तळघर, जिथं तू सायकल ठेवतोस, ते याच हिशेबातलं. निवडणुका सोडल्या नाहीत, व्यापार पश्चिमेशी ठेवला. वाकायचं, पण पाठीचा कणा घरी ठेवून यायचं नाही.

इथवर मी जिंकलो असं वाटत असेल तर थांब. एका गोष्टीत तू बरोबर आहेस आणि ती मला फोन ठेवल्यावर सुचली.

फिनलंडमध्ये त्या काळी 'घरचा रशियन' असा शब्द होता. प्रत्येक पुढाऱ्याचा रशियन वकिलातीतला एक ठरलेला ओळखीचा माणूस. 1961 मध्ये मॉस्कोनं खलिता पाठवला, राष्ट्राध्यक्ष केक्कोनेन रशियाचे प्रमुख ख्रुश्चेव्ह यांना भेटायला नोवोसिबिर्स्कला गेले, आणि निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध उभे राहणारे होन्का यांनी माघार घेतली. केक्कोनेन 1956 पासून पंचवीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले. मधल्या एका खेपेला तर निवडणूक न घेता खास कायदा करून मुदत वाढवली. वर्तमानपत्रं रशियाबद्दल जपून लिहायची. कुणी सांगायची गरजच उरली नव्हती.

हे वाचताना मला आपलं घर आठवलं. गावात कारखान्याचे दोन गट, आणि तुझ्या आजोबांचं शेत दोघांच्या शिवारांमध्ये. दोन्हीकडच्या माणसांना आपल्या ओसरीवर चहा मिळायचा. ऊस अडला नाही, पाण्याची पाळी चुकली नाही. आजोबांचं ते शहाणपणच होतं. पण एका गटानं शेजारच्या म्हाताऱ्याची विहीर बळकावली, तेव्हा आम्ही पोरं रात्री जेवताना तो विषय काढायला लागलो, तर आजोबा ताटावरून उठले. दार बंद, बाहेर चिटपाखरू नाही, तरी. पुढं तो विषय आमच्या घरात निघालाच नाही. आजीनं ते दुःख आजोबा गेल्यावर बोलून दाखवलं, तेही भाकरी थापता थापता, तव्याकडे बघत.

मतदानात हात वर न करणं मला समजतं. आपली शस्त्रं, तेल, चीनची सीमा, सगळं त्या पारड्यात आहे. फिनलंडएवढे लहान नाही आपण, त्यामुळे त्यांची लाचारीची सबब आपल्याला तितकी लागू नाही, हेही मान्य. पण इथं कट्ट्यावर बसून शिकलेली माणसं जेव्हा म्हणतात की हल्ला झालाच नाही, चूक युक्रेनचीच, तेव्हा मी गप्प बसतो. मला कुणी गप्प बसवलेलं नाही. तू माझ्यावर चिडलास ते यासाठी असावं, तटस्थतेसाठी नव्हे. तसं असेल तर ते मला लागलंय.

आईनं डिंकाचे लाडू केलेत, ओळखीचं कुणी येत असेल तर कळव. हेलसिंकीला गेलास की त्योलोचं क्रीडागृह शोध. 1952 च्या कुस्त्या तिथं झाल्या. आत सोडत असतील तर जिथं खाशाबा लढले तिथं उभं राहून एक फोटो पाठव, तालमीतल्या पोरांना दाखवायचाय.

तुझे,
बाबा