रेडिंगची सिग्नल्स

ती. अप्पा आणि काकू, सा. न.

अप्पा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत तिकडे इंग्लंडच्या फौजेत सिग्नल्सवाले, म्हणजे रेडिओ-फोनवरून संपर्क ठेवणारे, आहेत का, तर आहेत, आणि माझ्या ऑफिसातलाच एकजण त्यात आहे! बर्कशायर योमनरी म्हणून 1794 सालची पलटण, फ्रान्सशी लढाई चालू असताना स्वखुशीने आलेल्या लोकांची घोडदळ म्हणून सुरू झालेली, आता ती 94 नंबरची सिग्नल स्क्वाड्रन म्हणजे तुकडी आहे, विंडसरला. सगळे राखीव. आठवडाभर नोकरी, मग एखादी संध्याकाळ, शनिवार-रविवार आणि वर्षातून पंधरा दिवसांचा कॅम्प.

इथे रेडिंगच्या कोर्टाजवळ फ्रेड पॉट्सचा पुतळा आहे, 2015 साली बसवलेला. तो ह्याच पलटणीतला साधा शिपाई, इथलाच पोरगा. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या ऑगस्टमधे, घोडी इजिप्तमधे ठेवून ह्यांना तुर्कस्तानात गॅलिपोलीला पायी लढायला नेलं होतं, सिमिटार टेकडीवर हल्ला झाला आणि पॉट्सच्या मांडीत गोळी लागली. शेजारी रेडिंगचाच दुसरा जखमी, अँड्र्यूज. दोघं अठ्ठेचाळीस तासांवर तुर्की खंदकांजवळ पडून, पाणी नाही, आणि अँड्र्यूजला चालवेना तेव्हा ह्याने त्याला फावड्यावर बसवून ओढत सहाशे यार्ड खाली आणला. स्वतःची मांडी फाटलेली असताना! व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी ते वाचून तिथेच उभी राहिले बराच वेळ, आपल्या साताऱ्याकडच्या पोरांचीच आठवण येते असं वाचलं की.

पुढे घोडी गेली, तोफा आल्या, नंतर चिलखती गाड्या, 1967 ला सरकारने राखीव फौज खूप कमी केली आणि त्यानंतर हे लोक रेडिओ-संपर्काच्या कामावर आले. दर वेळी सगळं पहिल्यापासून शिकायचं, तेही नोकरी सांभाळून, पण नाव सोडलं नाही. मला ते फार मोठं वाटतं. संपर्क तुटला की तोफ कुठे मारायची तेच कळत नाही हे तुम्हीच सांगायचात ना, आणि ते काम इथे दिवसा कॉम्प्युटरवर बसणारी माणसं करतात.

इथल्या सिग्नल कोअरच्या बिल्ल्यावर पण तुमच्यासारखाच पंखवाला मर्क्युरी, रोमन देवांचा दूत, त्याला जिमीच म्हणतात! तुमचा जबलपूरच्या ट्रेनिंगमधला फोटो ऑफिसातल्या त्या माणसाला दाखवायचाय, चिन्मयला सांगून व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि तेव्हा कुठला रेडिओ सेट वापरायचात तेही लिहा, तो विचारत होता.

काकूंनी गुडघ्याचं औषध बंद करू नये.

तुमची,
मनू